पंचरंगीचा अखेरचा गडी : १९४४ चा एक सामना

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील विद्वान, उद्योजक व दानशूर स्त्री-पुरुष यांच्या चरित्रांना स्थान मिळते आणि ते सर्वथा योग्य आहे. यंदा मात्र क्रीडामहोत्सवाच्या निमित्ताने खेळासंबंधी काही लिहावे अशी सूचना झाल्यावरून आम्ही एका जुन्या क्रिकेट सामन्याची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. या सामन्यात आपल्या बाजूचा म्हणविला जाणारा संघ हरला, आणि तोही अवघ्या एका गड्याने. पराभवाची कथा उत्सवाच्या अंकात कशाला, असा प्रश्न एखाद्या वडीलधाऱ्या वाचकास पडेल. परंतु ज्ञातीच्या नावाने एकत्र जमणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी आवर्जून आठवावा असा हा सामना आहे, असे आमचे मत आहे.

मुंबईत एतद्देशीयांचे क्रिकेट प्रथम पारशी समाजात रुजले. १८४८ साली पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हिंदू लोक या खेळाकडे थोडे उशिरा वळले. १८६६ च्या सुमारास निघालेला बाँबे युनियन हा त्यांचा पहिला क्लब समजला जातो. त्यानंतर जे क्लब निघाले त्यांची नावे वाचली म्हणजे आजच्या वाचकास गंमत वाटेल व थोडा विषादही वाटेल. गौड सारस्वत क्रिकेट क्लब, क्षत्रिय क्रिकेट क्लब, मराठा क्रिकेट क्लब, गुजराती युनियन, तेलुगू यंग क्रिकेटर्स! एकाच मैदानावर, पन्नास पावलांच्या अंतराने यष्ट्या रोवून, जो तो आपापल्या जातीच्या वा प्रांताच्या मंडळीत खेळत होता. मात्र याला केवळ दोष देणे न्यायाचे होणार नाही. चेंडू, फळ्या व जाजम यांचा खर्च वर्गणीतून भागवावयाचा, आणि वर्गणी मागावयाची ती ओळखीच्याच घरी. तेव्हा क्लब ज्ञातीचा होणे हे त्या काळी ओघानेच आले. आपल्या मंडळाची वर्गणी गोळा करीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांस हे अधिक समजावून सांगावयास नको.

१८९४ साली परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना स्थापन झाला, आणि हे विखुरलेले खेळाडू एका नावाखाली येऊ लागले. एका नावाखाली आले खरे, पण एका पंक्तीला बसले असे नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे गोलंदाज. पुण्याच्या युरोपियन क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता ते साहेबांना चेंडू टाकू लागले व त्यातूनच त्यांची कीर्ती पसरली. हिंदूंच्या संघास त्यांचे हात हवे होते. परंतु चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा दिला जाई. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचा वाटा फार मोठा होता. १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले. असे असूनही हिंदू संघाचे कप्तानपद रीतसर त्यांच्याकडे कधी आले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले, आणि त्याच वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. आपले-परके ठरविण्याचा हिशेब संघाच्या आतही किती चालतो, हे या एका कुटुंबाच्या कथेवरून दिसते.

एव्हाना सामने वाढत गेले होते. १९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांचे तिरंगी सामने होत. १९१२ साली मुसलमान संघ येऊन त्यांचे चौरंगी झाले, आणि १९३७ साली उरलेल्या सर्वांचा मिळून ‘रेस्ट’ नावाचा पाचवा संघ आल्यावर ते पंचरंगी म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी हे सामने नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवर गेले. जागांच्या वाटणीवरून वाद होऊन त्या वर्षी हिंदू संघ खेळलाच नाही. धर्मवार सामन्यांत खुर्च्याही धर्मवार मोजल्या जातात, यात नवल ते काय!

या सामन्यांविरुद्ध आवाजही उठू लागला होता. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास गांधीजींना भेटले, तेव्हा खेळात धर्मवार संघ असू नयेत, असा स्पष्ट कौल त्यांनी दिला. वृत्तपत्रांतून वाद झडले. तथापि लोकांची आवड एवढी दांडगी की ‘छोडो भारत’ चळवळीमुळे १९४२ साली खंड पडूनही पुढल्या वर्षी सामने पुन्हा सुरू झाले.

१९४३ च्या अंतिम सामन्याचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. उलट ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत संपला. दुसऱ्या डावात त्यांच्या एकूण ३८७ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. त्यांनी व त्यांचे बंधू विवेक यांनी मिळून ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. आता हे हजारे कोण? सांगलीचे, मराठी बोलणारे, आपल्याच मातीतले. पण धर्माने ख्रिस्ती असल्यामुळे त्यांचा समावेश ‘उरलेल्यां’त झाला! महाराष्ट्राच्या एका थोर फलंदाजास मुंबईच्या मैदानावर ‘उरलेला’ ठरविणारी व्यवस्था मोडली हे योग्यच झाले. गांधीजींच्या कौलाइतकाच हा दाखला आम्हांस बलवत्तर वाटतो.

आता १९४४ साल. एप्रिलमध्ये मुंबईच्या गोदीत भयंकर स्फोट झाला होता. सप्टेंबरात मलबार हिलवरील जीनांच्या बंगल्यात गांधीजी व जीना यांची बोलणी तब्बल अठरा दिवस चालली व काही निष्पन्न न होता मोडली. अशा वातावरणात त्याच हंगामातील पंचरंगीच्या अंतिम सामन्यात हिंदू आणि मुसलमान हेच दोन संघ समोरासमोर आले. राजकारणात जे जुळले नाही त्याचे पडसाद मैदानावर उमटतील, अशी धास्ती अनेकांस वाटली असल्यास आश्चर्य नाही.

हिंदूंनी पहिल्या डावात २०३ धावा केल्या. मुसलमान संघाने २२१ करून अठरा धावांची आघाडी मिळविली. इतक्या थोड्या आघाडीने कोणाचेच पारडे जड होत नाही. दुसऱ्या डावात मात्र हिंदूंनी ३१५ धावा काढल्या व सामना आपल्याकडे खेचला. प्रतिपक्षास विजयासाठी २९८ धावा हव्या होत्या. पहिले दोन्ही डाव सव्वादोनशेच्या आत आटोपलेले, त्यातून चौथा डाव, आणि अंतिम सामना. कोणत्याही जाणत्या प्रेक्षकाने हिंदूंचीच बाजू उचलून धरली असती.

मुसलमान संघाच्या सलामीस के. सी. इब्राहिम आले. मुंबईचेच रहिवासी, वय पंचविशीचे. एका बाजूने गडी बाद होत होते आणि दुसऱ्या बाजूने इब्राहिम उभे होते. सलामीच्या फलंदाजाने अखेरपर्यंत नाबाद राहणे हे एरवीही विरळाच. अंतिम सामन्याच्या चौथ्या डावात, समोरचे सहकारी एकामागून एक जात असता तसे राहणे याला निव्वळ कौशल्य पुरत नाही. किती धावा झाल्या यापेक्षा किती गडी राहिले याचाच हिशेब अशा वेळी मनात चालतो. आणि जो त्या हिशेबात गुंतला त्याची बॅट चेंडूवर उशिरा येते. इब्राहिम यांची उशिरा आली नाही.

नववा गडी बाद झाला तेव्हा विजय अद्याप हातात आला नव्हता. शेवटच्या जोडीचा खेळ ज्याने पाहिला आहे त्याला त्या क्षणांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. क्षेत्ररक्षक जवळ सरकतात, प्रत्येक चेंडूनंतर प्रेक्षक श्वास सोडतात, आणि एक धाव काढावी की न काढावी हा प्रश्न युद्धातील मोहिमेएवढा गंभीर होऊन बसतो. एक चांगला चेंडू पडला असता तर चषक हिंदूंकडे राहिला असता. तो पडला नाही, किंवा पडला तरी फलंदाज त्याला पुरून उरला. ९ बाद २९८. इब्राहिम नाबाद १३७. उरलेल्या १६१ धावा बाकीचे दहा जण व अवांतर मिळून. चार डावांत दोन्ही संघांनी १०३७ धावा काढल्या आणि अखेरीस दोहोंत अंतर राहिले ते एका गड्याचे.

यापुढची गोष्ट मुश्ताक अली यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. सामना संपल्यावर हिंदूंचे कप्तान विजय मर्चंट मुसलमान संघाच्या खोलीत आले, त्यांनी मुश्ताक अलींना कडकडून मिठी मारली, आणि विजय तुमचाच व्हावयास हवा होता, अशा अर्थाचे उद्गार काढले. ज्याचा संघ एका गड्याने हरला त्या कप्तानास हे सुचावे, आणि तेही त्या सालात! धर्मवार सामने बंद व्हावेत असे ज्यांचे मत होते ते बरोबर होते, हे आम्ही वर म्हटलेच आहे. पण या सामन्यांनीच वैर पिकविले असे जे सरसकट म्हटले जाते, त्यास निदान हा सामना साक्ष देत नाही. हे खेळाडू एकमेकांस परके नव्हतेच. रणजी करंडकाच्या सामन्यांत इब्राहिम व मर्चंट हे दोघेही मुंबईचे खेळाडू. ज्याला वर्षातून एकदा हरवावयाचे त्याच्याच खांद्याला खांदा लावून उरलेला हंगाम खेळावयाचा, अशी ती रीत होती.

याचा पुरावा लवकरच मिळाला. १९४५ च्या मार्चमध्ये त्याच ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबई आणि होळकर यांचा रणजी अंतिम सामना झाला. होळकरांचे कप्तान कर्नल सी. के. नायडू, त्यांच्या संघात मुश्ताक अली होते, आणि त्यांनी दोन्ही डावांत शतके काढली. मुंबईतर्फे मर्चंट यांनी २७८ धावा केल्या. मुंबईने सामना ३७४ धावांनी जिंकला. या वेळी नायडूंच्या चाहत्यांनी मुश्ताक अलींच्या शतकांस टाळ्या वाजविल्या आणि मुंबईकरांनी मर्चंट यांच्या धावांस. कोणाची जात वा धर्म विचारण्याचे कारणच पडले नाही.

पंचरंगी सामने १९४६ च्या आरंभी संपले, ते पुन्हा भरले नाहीत. इब्राहिम १९४८ साली दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध भारताकडून प्रथम खेळले, आणि त्या पहिल्याच कसोटीत त्यांनी ८५ व ४४ धावा काढल्या. चार कसोट्यांनंतर ती कारकीर्द थांबली. पुढे ते पाकिस्तानात गेले, आणि २००७ साली कराचीत त्यांचे निधन झाले. मुंबईच्या मैदानांवर मोठा झालेला हा फलंदाज अखेर या शहराबाहेरच राहिला.