दोर आखूड होत नाही

श्रीगोंद्याकडच्या जुन्या विहिरीवर पोहऱ्याने पाणी शेंदणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. एक हात पुढे टाकायचा, दोर धरायचा, ओढायचा, सोडायचा. पोहरा वर येतो. पण दोर काही आखूड होत नाही, नि हातही नाही. आता त्याच्या दंडाची बेटकुळी बघा. तिथे स्नायू खरोखरच आखडतो. मग आत आखडतं तरी काय? या साध्या प्रश्नानं शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षं खेळवलं.

१८६४ साली जर्मनीच्या क्यूने यांनी बेडकाच्या स्नायूतून एक प्रथिन काढून त्याला मायोसिन नाव दिले. १९२९ साली स्नायूंचे इंधन, एटीपी, हाती आले. ते शोधणाऱ्यांत बोस्टनला फिस्के यांच्यासोबत काम करणारे आपले भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. १९४२ मध्ये हंगेरीत सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्राउब यांनी दुसरे प्रथिन, अ‍ॅक्टिन, वेगळे केले. दोन्ही प्रथिनांच्या धाग्यावर एटीपी टाकले की धागा आक्रसे! तेव्हा पुष्कळांना वाटले, प्रथिनाचे तंतूच घड्या पडून आखूड होत असावेत.

१९५४ च्या मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन लेख आले. एक अँड्र्यू हक्सले व नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले व जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्सले एकमेकांचे कुणी नव्हेत! दोघांचे म्हणणे मात्र एकच. स्नायूवरचे गडद पट्टे, म्हणजे मायोसिनचे जाड तंतू, आहेत तेवढेच लांब राहतात. बारीक अ‍ॅक्टिनतंतू त्यांच्यामध्ये सरकत जातात. गंमत अशी, की गडद पट्टा बदलत नाही हे एकोणिसाव्या शतकातच पाहिले गेले होते. पुढे लोक विसरले. डोळ्यांनी पाहिलेलेही आवडत्या कल्पनेपुढे असे हरवते.

सरकवतो कोण? मायोसिनला लहान लहान डोकी असतात. मज्जातंतूचा हुकूम आला, कॅल्शियम सुटले, की ती अ‍ॅक्टिनला धरतात नि वळून ओढतात. एटीपीचा कण येऊन चिकटला की पकड सुटते. तो फुटला की डोके पुन्हा पुढे सज्ज होते. सगळी डोकी एकदम सोडत नाहीत, म्हणून भरला पोहरा निसटत नाही.

यातली एक गोष्ट मनात ठेवा. पकड सोडायलाही एटीपी लागतेच. बैल मेला की काही तासांनी त्याचे पाय ताठरतात, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. तो जोर नव्हे. इंधन संपले, डोकी धरलेली तशीच राहिली. जिवंतपणाची खूण नुसती धरण्यात नाही, मंडळी, वेळेवर सोडण्यातही आहे.