टायमिंग चेन घरी बदलताना

मोटारसायकलच्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारी बारीक साखळी म्हणजे टायमिंग चेन. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते आणि व्हॉल्व्ह नेमक्या वेळी उघडतात, ते तिच्यामुळे. चेन झिजून लांबली की इंजिन खडखडू लागते. अशा वेळी टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेटचे दातही तपासावेत.

जुन्या 100 सीसी गाड्यांची चेन काहीजण घरीच बदलतात. खरी अडचण मॅग्नेटची. नट सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून दोरीचा जुगाड चालतो: दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पिस्टन थोडा खाली ठेवून, स्पार्क प्लगच्या भोकातून जाड सुती दोरी आत सोडायची, टोक बाहेरच ठेवायचे. दबलेली दोरी पिस्टन अडवते. पुढे मात्र पुलर लागतोच. हातोडीने ठोकल्यास आतले चुंबक निखळू शकतात, क्रँकलाही इजा होते. पुलर भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणावा.

कॅमचे बोल्ट काढण्याआधी चेनच्या पोकळीत चिंधी कोंबावी. आत पडलेला बोल्ट शोधण्यात दिवस जातो. जोडताना मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसवरच्या खुणेसमोर, कॅम स्प्रॉकेटची खूण हेडवरच्या खाचेसमोर हवी. एका दाताची चूकही इंजिनाची ताकद घालवते. जास्त चुकल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकू शकतात. म्हणून किक मारण्याआधी, दोरी व चिंधी काढून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. मध्येच अडले तर जोर लावू नये.