स्वतः काढायचं, स्वतःच छापायचं : शंवाकिंची रेषा



आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला व्यंगचित्रांचं काय पडलंय?" प्रश्न रास्त आहे. पण स्वातंत्र्य आणि जबाबदारी हा धडा मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला ग्रंथात सापडलं नाही. ते आजोळच्या माळ्यावर सापडलं. तिथं दोऱ्यानं शिवलेले 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक होते. मला अक्षरं नीट लागत नव्हती तेव्हापासून मी त्यातली चित्रं बघत बसायचो.

हल्ली चित्रकथा काढणारी तरुण मुलं भेटतात. प्रकाशक मिळत नाही म्हणून पदरच्या पैशानं छापतात, आणि ते सांगताना थोडी मान खाली घालतात. "स्वतःच काढलंय, सर." जणू काही कमीपणाच! त्यांना मी जिनिव्हाच्या रोदोल्फ टॉप्फरची गोष्ट सांगतो. त्याला चित्रकार व्हायचं होतं, पण डोळ्यांच्या दुखण्यानं जमलं नाही. मग तो मास्तर झाला. गंमत म्हणून चित्रांच्या गोष्टी काढायला लागला आणि १८३०च्या दशकात त्या त्यानं स्वतःच शिळाछापावर छापून घेतल्या. त्याआधी त्याची हस्तलिखितं म्हाताऱ्या गटेनं पाहिली होती आणि तो खूश झाला होता. आज कॉमिकचा आद्य पुरुष म्हणून याच मास्तराचं नाव घेतात. म्हणजे या कलेची सुरुवातच 'स्वतः काढलंय' अशी आहे. मान खाली कशाला घालायची?

आपल्याकडचा तसा माणूस शोधायला लांब जायला नको. शाहूपुरीतून चालत स्टेशन गाठा, मिरजेवरून पुण्याला जाणारी गाडी पकडा. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे आपले शंवाकि, यांची ही कर्मभूमी. त्यांनी कॉमिकची पुस्तकं काढली नाहीत, व्यंगचित्रं काढली. पण स्वतः काढायचं, स्वतःच संपादायचं आणि स्वतःच छापायचं, ही साखळी त्यांनी पुरी केली.

जन्म १८९१ चा, सोलापूरचा. चित्रकलेचं शिक्षण घ्यायला ते थेट लाहोरला गेले, पंडित सातवळेकरांकडे. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे सातवळेकर. तेव्हा ते तिथं चित्रकार म्हणून स्टुडिओ चालवत होते. शंवाकिंचे काका लक्ष्मणराव. त्यांचीही गंमत बघा. तेही चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर रंगकाम सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढे लोखंडी नांगर काढला, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा केला. जागा देणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, तेही चित्रकारच! चित्रकारांनी वेढलेला असा नांगराचा कारखाना दुसरीकडे कुठं असेलसं वाटत नाही. (हशा)

या कारखान्याच्या जाहिरातीचं काम शंवाकिंकडे होतं. त्यातूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याची खबरबात देणारं छोटंसं पत्र. इथं मला आपल्या बाबूराव पेंटरांची आठवण येते. दोघांच्या वयात एका वर्षाचं अंतर, दोघंही हातात कुंचला घेऊन निघालेले. बाबूरावांनी कोल्हापुरात कॅमेरा स्वतः तयार केला आणि 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तो याच १९२० साली. साधन दुसऱ्याच्या हातात असेल तर कलाही दुसऱ्याच्याच तंत्रानं चालते, हे दोघांनाही उमगलं होतं.

'खबर' पुढे नावातून गळलं आणि 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्राचं मासिक झालं. १९३० साली 'स्त्री' आलं, १९३४ साली 'मनोहर'. आणि 'किर्लोस्कर'मध्ये शंवाकिंची स्वतःची व्यंगचित्रं येत राहिली, 'टाकांच्या फेकी'. नाव नीट ऐका. टाक म्हणजे शाईत बुडवायचा. फेक म्हणजे त्याचा फटकारा, आणि फेक म्हणजे नेम धरून मारलेला दगडसुद्धा. रूढी, सोवळंओवळं, बुवाबाजी यांच्यावर तो नेम असायचा.

टाकच का, तर त्यामागं छपाईचा हिशेब आहे. खिळे जुळवून छापायच्या त्या काळात रेघांच्या चित्राचा जस्ताचा ठसा करणं स्वस्त पडायचं. तो खिळ्यांच्या शेजारी बसवला की मजकुराबरोबर चित्रही त्याच कागदावर उमटायचं. छायाप्रकाशाच्या चित्राला बारीक ठिपक्यांचा ठसा लागायचा, कागद गुळगुळीत लागायचा, खर्च वाढायचा. तेव्हा छटांचं शिक्षण घेतलेल्या चित्रकाराला छटा बाजूला ठेवाव्या लागल्या. कॅनव्हास एका दिवाणखान्यात लागला असता. ही रेषा गावोगावच्या घरांत गेली, आमच्या आजोळच्या माळ्यापर्यंत आली.

आता तुम्ही म्हणाल, पाठीशी कारखाना असल्यावर काय, कुणीही स्वतंत्र होईल. मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. पण उलट बाजूनं बघा. कारखान्याला गिऱ्हाईक दुखवायचं नसतं. नांगर घेणारा गृहस्थ आणि त्या चित्रानं चिडणारा गृहस्थ एकच असू शकतो! नुसत्या नांगराच्या जाहिराती छापणं किती सोयीचं होतं. शंवाकिंनी सोय बघितली नाही. शिवाय त्यांना आडोसा नव्हता. चित्रकार म्हणतो, "संपादकानं मागितलं." संपादक म्हणतो, "चित्रकाराचं मत आहे." इथं दोघं एकच. वाचक चिडला तर बोट एकाच माणसाकडे. स्वतः छापण्यातलं स्वातंत्र्य मला इथं दिसतं. ते मोकळीक म्हणून मिळत नाही, उत्तरदायित्व म्हणून अंगावर घ्यावं लागतं.

यात एक धोकाही आहे. स्वतःच छापणाऱ्याला 'नको' म्हणणारं कुणी उरत नाही. संपादक आपली चित्रं आणि आपलीच मतं छापत बसला की मासिकाचा आरसा होतो. शंवाकिंनी दार उघडं ठेवलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख त्यांनी छापले, 'स्त्री'मधून बायकांना स्वतःच्या नावानं लिहायला जागा दिली. दुसऱ्यांना जागा देताना त्यांचा स्वतःचा टाक मागं पडला. संपादक शंवाकि लोकांच्या लक्षात आहेत. चित्रकार शंवाकि भेटायचे तर जुने अंक उघडावे लागतात.

ते १ जानेवारी १९७५ ला गेले. 'शंवाकीय' हे त्यांचं आत्मचरित्र आहे, जरूर वाचा. आणि समोर जी मुलं बसली आहेत त्यांना एवढंच सांगतो. स्वतः छापा, खुशाल छापा. फक्त पहिल्या पानावर आपलं नाव ठळक घाला. शाबासकी त्या नावाला येईल, आणि शिवीसुद्धा त्याच पत्त्यावर येईल. दोन्ही घ्यायची तयारी असेल तर खाली मान घालायचं काही कारण नाही.