रविवार आणि कामाची उमेद

दोन वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्याने आपल्या कामगारांसाठी शिबिर भरविले होते. विषय होता 'कामात आनंद कसा मिळवावा'. वक्ते बाहेरगावाहून आणले होते, चहा-फराळाची सोय चोख होती, भिंतींवर सुभाषिते लावली होती. वक्त्यांनी कामगारांना दीर्घ श्वास घ्यावयास शिकविले, रोज सकाळी आरशासमोर उभे राहून हसावयास सांगितले आणि काम हीच पूजा हे समजावून दिले. शेवटी प्रश्न विचारावयास सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतला एक फिटर उठून म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलंत ते सगळं पटलं. पण आज रविवार आहे. आठवड्यातनं एवढा एकच दिवस पोराबाळांत जातो, तो तर इथंच गेला." सगळे हसले. वक्तेही हसले. व्यवस्थापक तेवढे हसले नाहीत.

हा प्रसंग आम्ही थट्टेसाठी सांगत नाही. त्या फिटरच्या एका वाक्यात जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो त्या वक्त्यांना ठाऊक नसावा याचे आम्हांला वाईट वाटले. कामात मन का लागत नाही, माणूस थकल्यासारखा का वागतो, त्याला उमेद कशाने येते, हे प्रश्न आज मोठमोठ्या पगारांच्या कचेऱ्यांतूनही विचारले जातात. पण प्रश्न नवा नाही. आमचे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि जे समजले ते कारखान्यांच्या दारांवरच्या सभांतून. तेव्हा पंडिताच्या थाटाने आम्हांला बोलता येणार नाही. रविवारची सुट्टी आली कशी आणि तिने कामगाराला काय दिले, एवढेच सांगावयाचे आहे.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली, आणि १८५६ साली ताडदेवला तिचे काम सुरू झाले. कोकणातून आणि घाटावरून माणसे या गिरण्यांत आली. कष्ट त्यांना नवे नव्हते. शेतात ती याहून कमी राबत होती असे नाही. नवे होते ते इंजिन. बैल थकला की औत थांबते आणि माणसालाही सावलीत बसता येते. वाफेचे इंजिन थकत नाही. दिवस उजाडला की गिरणी सुरू व्हावयाची आणि अंधारून आले की बंद व्हावयाची. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा भरे. आठवड्याची म्हणून सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहिली, तरी यंत्रे पुसण्यासाठी अर्धा दिवस बोलावले जाई.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच साली मुंबई सरकारने गिरण्यांतील स्थिती पाहण्यासाठी पहिले कमिशन नेमले. त्यात गिरणीमालकांचाच भरणा होता, आणि कायद्याची गरज नाही असे बहुमताने ठरले. म्हणजे एकीकडे शहाणी माणसे संध्याकाळी जमून देशस्थितीचा विचार करू लागली होती, आणि दुसरीकडे त्याच देशातील हजारो माणसांना संध्याकाळ म्हणून काही नव्हतीच. आज आपण येथे दिवेलागणीला येऊन बसलो आहोत. ही संध्याकाळ आपल्याला कोणी मिळवून दिली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. त्याने एवढेच केले की, सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास! आणि ही सुधारणा होती. मोठ्या माणसांविषयी कायदा मुकाच राहिला.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. १८४८ साली जन्मलेले लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. काही काळ ते गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. १८८० पासून ते मुंबईत 'दीनबंधु' चालवीत. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्या मागण्या आम्ही अनेकदा वाचल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या साधेपणाचे नवल वाटले आहे. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. कामावर अपघात झालेल्याला बरे होईपर्यंत आधार मिळावा. वेतनवाढीचा शब्दही त्यात नाही. त्या माणसांनी पहिल्यांदा मागितली ती आपली वेळ. तीही सगळी नव्हे, सात दिवसांतला एक दिवस आणि दुपारचा अर्धा तास.

सहा वर्षे काही झाले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लोखंड्यांनी पुन्हा सभा बोलाविली. सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. ही गोष्ट आम्ही मोठी मानतो. गिरणीतली बाई दोन पाळ्या करी. एक मालकाची आणि एक चुलीपुढची. तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन, निजवून ती कामावर जात असे. रविवारची गरज तिच्याइतकी कोणाला असणार? त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती पक्की झाली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो दिवस आमच्या लोकांना लवकर आपला वाटला असल्यास नवल नाही.

इतिहास सांगताना सोयीचे तेवढेच सांगू नये. मालक वळले ते केवळ दयेने नव्हे. बाजारात माल तुंबला होता. मुंबईच्या गिरण्यांशी स्पर्धा असलेल्या लँकेशायरच्या मालकांनाही येथील कामाचे तास कमी व्हावयास हवे होते. म्हणूनच त्या काळच्या अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी कारखाने कायद्यांना विरोध केला. कामगारांच्या कळवळ्याआड त्यांना परक्यांचा स्वार्थ दिसत होता. तो होताही. पण लँकेशायरचा स्वार्थ होता म्हणून परळच्या बाईचा थकवा खोटा ठरत नाही. हे लोखंड्यांना कळले होते. १८९७ साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांचा अंत झाला.

मिळविलेली वेळ टिकवावीही लागते. विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास मुंबईच्या अनेक गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. सूर्य मावळला की यंत्र थांबे, हा निसर्गाचा कायदा दिव्याने मोडला. शेवटी १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२० च्या संपाने मुंबईत दहा तास मिळाले. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे साठ, १९३४ च्या कायद्याने चोपन्न आणि १९४८ च्या कायद्याने अठ्ठेचाळीस तास ठरविले. एकेका आकड्यामागे किती चुली थंड राहिल्या असतील याचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही.

या सबंध काळात मालकांची एक तक्रार कायम होती: हिंदी कामगार आळशी आहे, सारखा यंत्र सोडून बाहेर जातो, बिडी ओढीत बसतो, खाडे करतो. आजचे शिबिरवाले याला उमेदीचा अभाव म्हणतील. पण बारा-चौदा तास सलग उभे राहणे हे हाडामांसाच्या माणसाचे काम नव्हे. कायद्याने विसावा दिला नाही, तेव्हा माणसाने तो चोरून घेतला. आम्ही आजही कोणत्याही कारखान्यात खाडे वाढले की आधी कामगाराचा स्वभाव तपासत नाही. पाळीचे वेळापत्रक मागवितो.

मिळालेल्या रविवारचे आणि संध्याकाळचे कामगारांनी काय केले? काहींनी दारू प्याली, हे खरे आहे. पण गिरणगाव उभे राहिले तेही याच वेळेतून. एकाच गावची माणसे खोली करून राहत आणि खानावळीत जेवत. त्यांनी भजनी मंडळे काढली, तालमी घातल्या, लेझीम बसविले, गणेशोत्सवात नाटके केली. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून वाचनालये आणि रात्रशाळा चालविल्या, आणि दिवसभर कापूस अंगावर घेतलेली माणसे कंदिलाजवळ अक्षरे गिरवीत बसली. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीला, नारायण सुर्वे यांच्या कवितेला श्रोता मिळाला तो या वस्तीत. यंत्रापुढे जो नुसता नंबर होता, तो येथे कोणाचा बुवा, कोणाचा वस्ताद, कोणाचा मास्तर होता. सोमवारी पुन्हा साच्यापुढे उभे राहण्याचे बळ त्याला रविवारच्या या मोठेपणाने मिळे.

मात्र नुसती सुट्टी पुरत नाही. कामावरही माणसाला मान हवा. १९२८ साली मुंबईचा गिरणीसंप सहा महिने चालला. त्याचे एक मोठे कारण असे की, दोन साचे पाहणाऱ्या विणकराने तीन पाहावेत अशी योजना मालकांनी आणली होती. ती आखताना साच्यावरच्या माणसाला कोणी विचारले नव्हते. ज्याचे हात त्या कामात गेले, त्याच्याच हाताखालचे काम त्याला न विचारता बदलले, म्हणजे पैशाच्या नुकसानीपेक्षा अपमानच अधिक बोचतो.

पण मानाची गोष्ट निघाली म्हणून आमच्या चळवळीचे पापही सांगितले पाहिजे. धोट्यातले सूत त्या काळी तोंडाने ओढून काढावे लागे. त्या उष्ट्याचे निमित्त करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात येऊ दिले जात नसे. पगार चांगला होता तो त्याच खात्यात. हा अडसर एकट्या मालकांचा नव्हता. आमच्याच सवर्ण कामगारांनी तो घट्ट धरला होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मालकाकडे मान मागावयाचा आणि शेजारच्या माणसाला तो नाकारावयाचा, ही आमची लबाडी होती. शेजारी जो उभा राहतो, त्यालाच कमी लेखणाऱ्या खात्यात समाधान नांदत नाही.

आता थोडे घरचे. आमचे वडील साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. सुमारे अडीच लाख माणसे त्या संपात उतरली, आणि त्यांतील असंख्य पुन्हा कधी आत गेली नाहीत. वडील त्यांतलेच. आयुष्यभर त्यांनी गिरणीला शिव्या दिल्या होत्या. धुळीने छाती भरली होती, कान मंद झाले होते. संपानंतर भोंगा बंद पडला, तरी ते पहाटे उठून डबा मागत आणि मग ओशाळून बसत. एकदा बाजारात दुकानदाराने कापडाचा तागा उलगडला. वडिलांनी दोन बोटांत कापड धरले, वीण सांगितली आणि कडेचा दोषही दाखविला. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही जाणकार दिसता." त्या दिवशी किती तरी महिन्यांनी ते घरी येऊन मोकळेपणाने बोलले. तेव्हा आम्हांला कळले की, माणसाला कामाचा कंटाळा येतो असे आपण म्हणतो ते पुरते खरे नाही. त्याला जोखडाचा कंटाळा येतो. आपला हात कशात तरी तरबेज आहे, हे कोणी ओळखावे, एवढी त्याची भूक असते.

आज गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. त्यांतल्या कचेऱ्यांत बसणाऱ्या तरुणांच्या अंगावर कापूस नाही, पण खिशात फोन आहे, आणि रात्री अकरालाही साहेबांचा निरोप येतो. १९०५ साली दिव्याने सूर्यास्त पळविला. आता फोनने घराचा उंबरठा पळविला आहे. दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या मुलांना तर मुकादमही नाही. त्यांना फोनच हुकूम देतो. परवा त्यांच्यातला एकजण आम्हांला म्हणाला, "भाऊ, सुट्टी घ्यायला कोण अडवत नाही. पण घेतली की त्या दिवसाची कमाई बुडाली." परळच्या सभेला आलेल्या माणसाला हे वाक्य परके वाटले नसते.

शिबिरांना आमचा विरोध नाही. दीर्घ श्वास जरूर घ्यावा. पण श्वास घेण्यापुरती उसंत आधी असावी लागते. कामगारांत उमेद नाही असे ज्या व्यवस्थापकांना वाटते, त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. माणसाची घरची वेळ खरोखर त्याची आहे काय? काम बदलताना त्याला विचारले जाते काय? आणि खात्यात कोणी कोणाला हलके लेखीत नाही ना? एवढे करून पाहावे. शिबिर भरविण्याची गरज वाटलीच, तर ते सोमवारी कामाच्या वेळेत, भरपगारी भरवावे. मागच्या रांगेतला तो फिटर पहिल्या रांगेत येऊन बसेल.