दप्तर खुले, पत्ता कुणाचा?

१० ऑगस्ट २०२३ रोजी हॅशिकॉर्प या अमेरिकी कंपनीने टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचा परवाना बदलत असल्याचे जाहीर केले. त्या दिवसांतल्या कोडच्या नोंदी उघडून पाहिल्या तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. परवाना बदलताना काम करणाऱ्या कोडला कुणी हात लावलेला नाही. बदलली आहे ती फायलींच्या माथ्यावरची एक ओळ. जिथे मोझिला पब्लिक लायसन्सचे नाव होते, तिथे बिझनेस सोर्स लायसन्सचे नाव आले. पण टेराफॉर्मला जोडण्यासाठी त्याच कंपनीने सांभाळलेल्या प्लगइनच्या फायली पाहिल्या, तर तिथे परवान्याची जुनीच ओळ कायम आहे. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद झाला आणि ओसऱ्या मात्र खुल्या राहिल्या. असे का झाले, आणि ओसऱ्या खुल्या असूनही लोकांची वाट कशी अडली, हे शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

ज्या वाचकांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जातो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले संगणक भाड्याने घेणे. सुरुवातीला माणसे पडद्यावरची बटणे दाबून एकेक यंत्र मागवीत. यंत्रे दहा आहेत तोवर हे चालते. ती शंभर झाली की कोणते कुणी, कधी आणि कशासाठी घेतले याचा हिशेब लागेनासा होतो. म्हणून हवी ती मांडणी मजकुराच्या फायलीत लिहून ठेवायची आणि सॉफ्टवेअरने ती वाचून प्रत्यक्षात आणायची, ही पद्धत रुजली. अ‍ॅमेझॉनचे क्लाउडफॉर्मेशन २०११ मध्ये आले, पण ते अ‍ॅमेझॉनपुरतेच. मिचेल हाशिमोतो आणि अरमॉन दडगर यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या हॅशिकॉर्पने २८ जुलै २०१४ रोजी टेराफॉर्मची ०.१ ही आवृत्ती काढली. तिचा गाभा कोणत्याच क्लाउडला ओळखत नव्हता. अ‍ॅमेझॉनशी कसे बोलायचे हे अ‍ॅमेझॉनच्या प्लगइनला ठाऊक, डिजिटलओशनशी कसे बोलायचे हे डिजिटलओशनच्या. या प्लगइनला त्या जगात ‘प्रोव्हायडर’ म्हणतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे क्षेत्र एका कारणाने सुखाचे आहे. राजवाड्यांनी बखरींपेक्षा समकालीन अस्सल कागदांना मान दिला, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगितले जाते. इथे दोन्ही साधने शेजारी शेजारी ठेवलेली सापडतात. कंपनीची निवेदने ही बखर. कोडची रिपॉझिटरी हे दप्तर. त्यात प्रत्येक बदलाला तारीख असते, करणाऱ्याचे नाव असते, कोणती ओळ गेली आणि कोणती आली हे दिसते, आणि बऱ्याचदा त्यावर झालेला वादही जसाच्या तसा खाली जोडलेला असतो. पेशवे दप्तरातल्या रुमालांसारखी इथे धूळ नाही, वाळवीही नाही. अडचण आहे ती पसाऱ्याची.

नुसत्या नोंदी वाचून त्यातले बोलणे समजेना, म्हणून प्लगइन स्वतःच्या संगणकावर बांधून पाहिले. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही, तरी हे जमले. कामाची रीत अशी. ‘गो’ ही प्रोग्रामिंगची भाषा संगणकावर बसवायची, गिटहबवरून प्लगइनचा कोड उतरवून घ्यायचा, आणि एका आज्ञेने त्याची चालणारी फाइल तयार करायची. ही फाइल हाताने चालवायला गेलात तर ती सभ्यपणे नकार देते. मी प्लगइन आहे, मला थेट चालवू नका, असे सांगून थांबते. कारण ते एक स्वतंत्र काम असून टेराफॉर्मचा गाभा त्याला हाक मारतो, दोघांत आधी खुणेची देवाणघेवाण होते आणि मगच संवाद सुरू होतो. आपण बांधलेले प्लगइन वापरायचे तर घरच्या संरचना-फायलीत तशी नोंद करावी लागते. त्यानंतर दरवेळी टेराफॉर्म इशारा देत राहते की अधिकृत प्लगइनऐवजी तुमचे स्वतःचे चालू आहे.

आतली रचना साधी आहे. प्रत्येक वस्तूसाठी, म्हणजे यंत्र, डेटाबेस, साठवणीची जागा अशांसाठी, चार कामे लिहायची: निर्माण करणे, वाचणे, बदलणे आणि मोडणे. त्यासोबत गुणधर्मांची यादी. या यादीत ‘फोर्स-न्यू’ नावाची एक खूण असते. ती ज्या गुणधर्मावर असेल तो बदलला, तर टेराफॉर्म जुनी वस्तू मोडून नवी उभारते. ही एक खूण चुकीच्या जागी पडली तर कुणाचा तरी भरलेला डेटाबेस मोडीत निघू शकतो. अशा एका खुणेवरून झालेल्या चर्चा वाचल्या की कुळकायद्यातल्या एखाद्या शब्दावरून वर्षानुवर्षे चाललेले दावे आठवतात.

योगदान द्यायचे तर बदलासोबत चाचणी जोडावी लागते, आणि इथेच खिशाचा प्रश्न येतो. खरी चाचणी खऱ्या क्लाउडवर खऱ्या वस्तू उभारते आणि मोडते. तिचे बिल चाचणी करणाऱ्याच्या खात्यावर पडते. चाचणी मध्येच तुटली तर उभारलेल्या वस्तू तशाच राहतात आणि भाडे चालू राहते. अशा बेवारस वस्तू झाडून काढण्यासाठी ‘स्वीपर’ नावाचा वेगळा कोड लिहिलेला असतो. म्हणजे फुकट देणाऱ्यालाही काही पैसे मोजून द्यावे लागतात. मी स्वतः बिल येणार नाही असे काम निवडले. एका प्लगइनच्या माहितीपत्रातली दुरुस्ती पाठवली. ती स्वीकारण्याआधी माझ्यापुढे एक करारपत्र आले.

या करारपत्राबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्याशी निगडित आहे. अशा करारात लिहिणाऱ्याचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. पण तो कोड वापरण्याचा, बदलण्याचा आणि पुढे दुसऱ्यांना परवान्याने देण्याचा व्यापक अधिकार प्रकल्पाच्या चालकाला मिळतो. हॅशिकॉर्पही योगदान देणाऱ्यांकडून असे करारपत्र घेत असे. हजारो हातांनी लिहिलेल्या कोडवर एका कंपनीला एका दिवसात नवी ओळ लिहिता आली, त्याचा पाया इथे आहे. सही करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचले असेल, कोण जाणे. सात-बारा न पाहता जमीन घेणारी माणसे आपल्याकडेही असतात.

आता प्लगइन वेगळी कशी झाली ते पाहू. पहिली तीन वर्षे सगळी प्लगइन गाभ्याच्याच रिपॉझिटरीत होती. कुठल्याही क्लाउडने नवी सेवा काढली की प्लगइन बदलायचे, आणि ते लोकांना मिळण्यासाठी संपूर्ण टेराफॉर्मची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबायचे. क्लाउडवाल्यांचा वेग तर भन्नाट. जून २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत आपले क्षेत्र सुरू केले, ज्याचे सांकेतिक नाव ‘एपी-साउथ-१’. असे नवे क्षेत्र आले की प्लगइनमधल्या क्षेत्रवार याद्यांत ओळ वाढवावी लागते, नाहीतर तिथली काही कामे अडतात. एका ओळीसाठी अख्ख्या वाड्याची डागडुजी संपायची वाट पाहणे परवडणारे नव्हते. म्हणून २०१७ मध्ये, ०.१० या आवृत्तीच्या वेळी, प्लगइन गाभ्यातून काढून प्रत्येकाला स्वतंत्र रिपॉझिटरी दिली गेली. ही फाळणी सोयीसाठी होती. मालकीचा विचार तेव्हा कुणाच्या मनात असल्याचे त्या नोंदींत मला दिसले नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ०.१३ आवृत्तीने पुढचे पाऊल टाकले. आता कुणीही आपले प्लगइन लिहून, त्यावर आपली डिजिटल सही करून, हॅशिकॉर्पच्या रजिस्ट्रीत नोंदवू शकत होते. वापरणाऱ्याने फायलीत प्रकाशकाचे आणि प्लगइनचे नाव लिहायचे, बाकी उतरवून घेणे टेराफॉर्म पाहील. पत्त्यात यजमान संगणकाचे नाव लिहिले नाही, तर ते हॅशिकॉर्पच्याच रजिस्ट्रीचे धरले जाई. बहुतेकांनी ते लिहिले नाही. टपालावर गावाचे नाव न लिहिता नुसते गल्लीचे नाव लिहावे आणि ते पोहोचतही राहावे, तसे हे चालले. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

पुढच्या घटना भराभर घडल्या. जून २०२१ मध्ये टेराफॉर्म १.० आले. सप्टेंबरमध्ये गाभ्याच्या रिपॉझिटरीत एक छोटी सूचना लागली. माणसे अपुरी असल्यामुळे बाहेरून आलेले बदल सध्या तपासले जाणार नाहीत. प्लगइनना ही सूचना लागू नसल्याचा खुलासाही कंपनीने केला. डिसेंबरमध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. आणि मग तो ऑगस्ट २०२३. नव्या परवान्यानुसार कोड वाचता येतो, वापरता येतो, पण हॅशिकॉर्पशी स्पर्धा करणारी सेवा त्यावर उभी करता येत नाही. चार वर्षांनी तो कोड पुन्हा जुन्या मोझिला परवान्याखाली येतो. प्लगइन आणि ती लिहिण्याची अवजारे यांतून वगळली गेली. ते औदार्य होते असे मला वाटत नाही. अनेक प्लगइन इतर कंपन्यांनी आणि स्वतंत्र माणसांनी स्वतःच्या नावावर लिहिलेली होती. त्यांच्यावर हॅशिकॉर्पचा अधिकारच चालत नव्हता, आणि त्यांच्याविना टेराफॉर्मचा गाभा नुसता आवाज न फुटणारा तबला. २०१७ च्या सोयीच्या फाळणीने २०२३ मध्ये असे काम केले.

स्पेसलिफ्ट, एनव्हीझिरो, स्केलर, ग्रंटवर्क, हार्नेस अशा कंपन्या एकत्र आल्या. परवाना पूर्ववत करा, नाहीतर आम्ही वेगळी शाखा काढू, असे त्यांनी जाहीर केले. या कंपन्यांचा धंदाच टेराफॉर्मवर उभा होता, हेही नमूद केले पाहिजे. ही काही निव्वळ तत्त्वाची लढाई नव्हती. आधी ओपनटीएफ आणि मग ओपनटोफू असे नाव घेऊन ही शाखा २० सप्टेंबर २०२३ रोजी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली.

पण दरम्यान रजिस्ट्रीच्या वापराच्या अटी बदलल्या होत्या. तिथला मजकूर फक्त हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्मसोबत वापरावा, अशी अट आली. प्लगइनचा परवाना खुलाच होता. बंद झाला तो तिच्याकडे नेणारा रस्ता. जे पान सर्वांचे होते, त्याची अनुक्रमणिका एकाची निघाली.

ओपनटोफूने यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. त्यांनी स्वतःची रजिस्ट्री उभी केली, ती चक्क एक गिट रिपॉझिटरी आहे. प्रत्येक प्लगइनची एक छोटी फाइल, तीत आवृत्त्यांची आणि त्या कुठून उतरवायच्या याची नोंद, सह्या पडताळण्याच्या किल्ल्या शेजारी. प्रत्यक्ष फायली ज्याच्या त्याच्या घरी, गिटहबवर. उद्या कुणाला ही यादीही पटली नाही तर त्याने तिची नक्कल घरी न्यावी. हॅशिकॉर्पच्या नावाखालची प्लगइन ओपनटोफूने त्याच खुल्या कोडवरून स्वतः बांधून ठेवली. ओपनटोफूची १.६ ही पहिली स्थिर आवृत्ती १० जानेवारी २०२४ रोजी आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयबीएमने हॅशिकॉर्प ६.४ अब्ज डॉलरना घेण्याची घोषणा केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला.

ज्यांनी ही शाखा स्वीकारली त्यांच्या जुन्या फायली मात्र चमत्कारिक साक्ष देतात. टेराफॉर्म आपल्या ताब्यातल्या वस्तूंची जी नोंदवही ठेवते, तीत प्रत्येक वस्तूपुढे प्लगइनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, यजमानाच्या नावासकट. लोकांनी जे स्वतः कधी लिहिले नव्हते, ते सॉफ्टवेअरने त्यांच्या वतीने वर्षानुवर्षे लिहून ठेवले होते. ओपनटोफूला असे जुने पत्ते ओळखून घेण्याची सोय करावी लागली.

आज ओपनटोफूच्या रजिस्ट्रीत नवे प्लगइन दाखल करायचे तर गिटहबवर एक अर्ज भरायचा असतो. त्यात रिपॉझिटरीचे नाव द्यावे लागते. ते नाव अजूनही ‘टेराफॉर्म-प्रोव्हायडर-’ याच शब्दांनी सुरू व्हावे लागते.