‘आम्ही पाप केले’ : हा ‘आम्ही’ कोण?

मागच्या व्याख्यानात आपण एकट्या माणसाच्या पापकबुलीविषयी बोललो. आज प्रश्न थोडा अवघड आहे. जे पाप मी स्वतः केलेलं नाही, त्याची कबुली माझ्या समाजाच्या वतीने मी देऊ शकतो का?

बायबलमध्ये याची दोन ठळक उदाहरणं आहेत. दानिएलच्या नवव्या अध्यायात दानिएल बॅबिलोनमध्ये राहून प्रार्थना करतो. या माणसावर ग्रंथात कुठेही दोषारोप नाही. तरी तो ‘त्यांनी पाप केले’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो. नहेम्या तर स्वतःचं आणि आपल्या वडिलांच्या घराण्याचंही पाप सांगतो. आता आपल्या भाषेकडे बघा. मराठीत ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही त्यात येतो. ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहतो. देवापुढे ‘आम्ही’च म्हणावं लागतं, कारण देव त्या पापात भागीदार नाही. जर्मन भाषेत हा भेद नाही, दोन्हींसाठी एकच शब्द. आणि १९४५ साली नेमका तिथेच पेच पडला.

१८ आणि १९ ऑक्टोबर १९४५. युद्ध संपून पाच महिने झालेले. जर्मनीच्या प्रोटेस्टंट चर्चची परिषद श्टुटगार्टला भरली होती. इंग्लंड, हॉलंड, फ्रान्स, अमेरिका अशा देशांतून चर्चचे प्रतिनिधी भेटायला आले होते. त्यांच्यासमोर अकरा जणांच्या सह्यांचं एक निवेदन वाचलं गेलं. आमच्यामुळे अनेक लोकांवर आणि देशांवर अपार दुःख ओढवलं, असा त्याचा आशय. हे वाक्य मार्टिन नीमलर यांच्या आग्रहामुळे आलं. पुढे मात्र शब्द जपून वापरलेले दिसतात. आम्ही अधिक धैर्याने बोललो नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, असं ते म्हणतात. त्या ‘अधिक’मध्ये ‘थोडं तरी केलंच होतं’ हे दडलेलं आहे. आणि ज्यू हा शब्द त्यात कुठेच नाही.

निवेदन बाहेर पडलं आणि जर्मनीत संतापाची लाट आली. लोकांना १९१९ चा व्हर्सायचा तह आठवला. जेत्यांपुढे आमच्या वतीने गुन्हा कबूल करायला तुम्हाला सांगितलं कुणी? शहरं बेचिराख झालेली, घरातली माणसं गेलेली, पोटात अन्न नाही. त्यांचा राग आम्हाला समजतो. पाहुण्यांपुढे उच्चारलेला ‘आम्ही’ घरच्यांशी ‘आपण’ म्हणून कुणी बोललाच नव्हता.

ते काम नीमलरनी अंगावर घेतलं. गावोगाव जाऊन ते बोलले. जानेवारी १९४६ मध्ये एर्लांगेनला विद्यार्थ्यांनी त्यांच्या भाषणात गोंधळ घातला. खरं तर या माणसाला हात झटकणं सहज शक्य होतं. १९३७ पासून १९४५ पर्यंत ते हिटलरच्या कैदेत होते. पण ते स्वतःच एक आठवण सांगत. सुटल्यावर पत्नीसह ते डाखाउच्या छळछावणीत गेले. तिथल्या फलकावर सुरुवातीचं साल होतं १९३३. त्यांच्या मनात आलं : १९३७ नंतर मी तुरुंगात होतो, हे खरं. पण १९३३ ते १९३७? तेव्हा मी मोकळा होतो. सुरुवातीला हिटलरच्या सत्तेचं त्यांनी स्वागतही केलं होतं.

इथे तत्त्वज्ञान काय म्हणतं? कार्ल यास्पर्स यांनी १९४६ च्या पुस्तकात दोषाचे चार प्रकार वेगळे केले : कायद्याचा, राजकीय, नैतिक आणि अस्तित्वाच्या मुळाशी असलेला. गुन्हेगार एखादी व्यक्ती असते, अख्खं राष्ट्र नव्हे. मात्र राजकीय जबाबदारी सर्व नागरिकांची. हाना आरेंट यांनी याच रेषेवर इशारा दिला : सगळेच दोषी म्हटले, की खरा दोषी गर्दीत लपतो. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. ‘आम्ही सारे पापी’ असं मोघम म्हणून हिशेब मिटवता येतो, हे खरंच आहे.

म्हणूनच नीमलरची गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. त्यांच्या ‘आम्ही’च्या आत एक ‘मी’ आहे, आणि त्या ‘मी’ला चार वर्षांचा हिशेब द्यायचा आहे. समाजाच्या वतीने कबुली देण्याचा अधिकार निर्दोष असण्यातून येत नाही आणि पदातूनही येत नाही. आपला वाटा नेमका सांगण्यातून तो येतो. चर्चलाही हे एका दमात जमलं नाही. ज्यूंविषयीच्या दोषाचा स्पष्ट उच्चार व्हायला एप्रिल १९५० मधली बर्लिन-वाइसेन्सेची सभा उजाडावी लागली.

जाता जाता एवढंच. जातीपायी झालेल्या अन्यायाचा विषय निघाला की आपण म्हणतो, ‘पूर्वी असं व्हायचं.’ या वाक्याला कर्ताच नाही. तिथे ‘आम्ही’ घालून बघा. जीभ कुठे अडखळते ते लक्षात ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.