मोजे काढा, मग मोजा

आज विषय वैद्यकातला आहे. पण आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली, तेव्हा व्याख्यान झाल्यावर कृपया औषधं विचारू नका! आमचा प्रश्न वेगळाच आहे. आजार किती जोरात आहे हे आकड्यात सांगतात, तेव्हा नेमकं काय मोजलेलं असतं? आणि काय सुटलेलं असतं?

उदाहरण घेऊ सोरायटिक आर्थ्रायटिसचं, म्हणजे सोरायसिसबरोबर येणारा संधिवात. हा आजार एका जागी बसत नाही. कातडीवर चट्टे, नखांवर खड्डे, बोटांच्या टोकाचे सांधे सुजलेले, कधी अख्खं बोटच फुगलेलं. टाचेला स्नायूची दोरी हाडाला चिकटते, तिथे ठणका.

फ्रान्समध्ये आलिबेर यांनी 1818 मध्येच सोरायसिस आणि सांधेदुखी यांची सांगड नोंदवली होती. तरी पुढची शंभराहून जास्त वर्षं पुष्कळ डॉक्टर हेच म्हणत राहिले, की हा नेहमीचा आमवातच, जोडीला योगायोगानं सोरायसिस. मग रक्तातला रूमेटॉइड फॅक्टर तपासता येऊ लागला, आणि या रुग्णांपैकी बहुतेकांत तो सापडेना. इंग्लंडात लीड्सला व्हर्ना राइट यांनी 1950 च्या दशकात हा आजार वेगळा आहे असं मांडलं. 1973 मध्ये मोल आणि राइट यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले.

ओळख पटली, पण मोजपट्टी? कातडीसाठी 1978 मध्ये पासी नावाचा निर्देशांक आला : लाली, जाडी, खपल्या आणि पसारा यांवरून 0 ते 72. सांध्यांसाठी मात्र मोजपट्टी उसनी आणली, तीही आमवाताची. नेदरलँड्समध्ये नायमेखनला 1990 मध्ये डास हा निर्देशांक तयार झाला, आणि 1995 मध्ये त्याची सुटसुटीत आवृत्ती आली, डास-28. खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस सांधे, असे एकूण अठ्ठावीस. आमवातासाठी ते बऱ्यापैकी पुरतं.

पण या अठ्ठावीसात घोटे नाहीत, पाऊल नाही, बोटांच्या टोकाचे सांधे नाहीत! आपला रुग्ण नेमका तिथेच दुखतोय. त्याचा आकडा लहान येणार, आणि कागदावर तो बरा ठरणार. आपल्याकडे मापात पाप म्हणतात, ते लबाडीला. इथे लबाडी कुणाचीच नव्हती. तरी रुग्णाच्या पदरात माप कमीच पडलं.

पुढे दुरुस्ती झाली. आता दुखरे सांधे 68 जागी तपासतात आणि सूज 66 जागी. खुब्याची सूज हाताला लागत नाही म्हणून दोन कमी. 2010 मध्ये डाप्सा हा निर्देशांक या आजारासाठी पुढे आला. हिशेब साधा : दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णानं दहापैकी दिलेली वेदना, दहापैकी दिलेला एकूण त्रास आणि रक्तातलं सीआरपी, सगळ्यांची बेरीज. समजा 3, 2, 4, 5 आणि 1. झाले 15, म्हणजे आजार मध्यम. एकानं कमी, 14 आले, की सौम्य. आता सांगा, सांधा आणि वेदना या एकाच जातीच्या वस्तू आहेत का? आणि या बेरजेत कातडी कुठेच नाही.

त्याच 2010 मध्ये दुसरी वाट निघाली, एमडीए. इथे बेरीजच नाही, सात अटी : दुखरे सांधे, सूज, कातडी, वेदना, एकूण त्रास, रोजची कामं आणि स्नायूबंधांच्या दुखऱ्या जागा. सातपैकी पाच जमल्या की पास. शाळेच्या भाषेत सांगायचं तर डाप्सा एकूण गुण बघतं, आणि एमडीए विषयवार निकाल लावतं. पण हुकलेल्या दोन अटी वेदना आणि एकूण त्रास याच असल्या तर? डॉक्टर म्हणणार, लक्ष्य गाठलं. रुग्ण म्हणणार, अहो, दुखतंय!

म्हणून मोजणं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. ब्रिटनमध्ये 206 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिकोपा चाचणीत, एमडीएचं लक्ष्य ठेवून दर चार आठवड्यांनी औषध ठरवलेले रुग्ण हे नेहमीच्या पद्धतीनं, साधारण दर बारा आठवड्यांनी तपासलेल्या रुग्णांपेक्षा जास्त सुधारले. गंभीर त्रासाच्या घटनाही त्यांच्यात जास्त झाल्या, हेही सांगायला हवं. मोजल्यानं फरक पडतो, म्हणूनच काय मोजायचं हे जपून ठरवावं लागतं.

आमचं म्हणणं एवढंच. प्रत्येक मोजपट्टीत आधी कुणीतरी ठरवलेलं असतं, की कुणाचं कुठलं दुखणं धरायचं. ते एकदा ठरलं की विसरलं जातं आणि आकडा तेवढा उरतो. तेव्हा तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर तपासणीला गेल्यावर त्याला बूट-मोजे काढायला सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरीही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.